फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर केमो सांगितलीय? पहिल्या सलाईनच्या आधी काय काय उरकून घ्यायचं

फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पेशंट घरी आला, टाके निघाले, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग बायोप्सीचा मोठा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात की आता केमो घ्यावी लागेल. बहुतेक घरांत गोंधळ इथूनच सुरू होतो. गाठ तर पूर्ण काढली ना, मग परत केमो कशाला, असं भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो आणि पेशंटलाही तेच वाटायला लागतं.

माझ्या दादाच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा लोब, म्हणजे वरचा भाग काढला, लिम्फ नोडमध्ये, म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथींमध्ये, कॅन्सरच्या पेशी सापडल्या आणि पुढे सिस्प्लॅटिन अधिक पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधांच्या चार सायकल, म्हणजे चार फेऱ्या झाल्या. पळापळ मी आणि वहिनीने केली, आणि त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. औषध कुठलं, किती, द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडत नाही. मी सांगतेय ते मधल्या आठवड्यांचं. ही केमो साधारण ऑपरेशननंतर ४ ते ८ आठवड्यांत सुरू करतात, आणि हे दिवस निव्वळ आराम करण्यात घालवले की शेवटच्या आठवड्यात सगळं अंगावर येतं, कागद, पैसे, तपासण्या, दात, शीर, सगळंच.

१. आधी केमो कशासाठी हे नीट समजून घ्या

डोळ्याला दिसणारी गाठ सर्जनने काढली. पण त्याआधीच काही पेशी रक्तातून किंवा लिम्फमधून बाहेर पडल्या असतील तर त्या इतक्या बारीक असतात की पेट स्कॅनमध्येही दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ही केमो असते. साधारणपणे दुसऱ्या स्टेजला आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला सांगतात, नोड स्वच्छ असूनही गाठ ४ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर कधीकधी तेव्हाही. बहुतेक वेळा ४ सायकल असतात, दर २१ दिवसांनी एक.

फायदा किती, हे स्पष्ट विचारा. मोठ्या अभ्यासांचं एकत्र गणित असं सांगतं की ऑपरेशननंतर सिस्प्लॅटिनवाली केमो घेतली तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण १०० मागे साधारण ५ ने वाढतं. स्टेज जास्त असेल तर फायदा जास्त, अगदी सुरुवातीच्या स्टेजला जवळजवळ नाहीच. आकडा लहान वाटतो हे खरं आहे, पण तो माहीत असलेला बरा, कारण वय खूप असेल, किडनी अशक्त असेल, ऑपरेशनमधून माणूस अजून सावरलाच नसेल तर त्याच आकड्यावर डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यायचा असतो. पेशंटला वगळून बाहेर कॉरिडॉरमध्ये हे बोलणं करू नका, चार सायकल त्यालाच झेलायच्या आहेत.

आणि एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचाराच, इजीएफआर, एएलके (गाठीच्या जनुकांतले बदल) आणि पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) या टेस्ट झाल्या का? काढलेल्या गाठीवरच या होतात आणि रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. इजीएफआर पॉझिटिव्ह आलं तर केमोनंतर ओसिमर्टिनिबची गोळी तीन वर्षं देतात, एएलके पॉझिटिव्ह असेल तर केमोऐवजी अलेक्टिनिब हा पर्याय असू शकतो. म्हणजे अख्खा प्लॅनच बदलतो. विडी-सिगारेट कधीच न ओढलेल्या पेशंटमध्ये, त्यातही बायकांमध्ये, हे जनुकांतले बदल जास्त सापडतात, त्यामुळे 'बघू नंतर' म्हणून ही टेस्ट मागे टाकू नका.

२. फाईल लावा

एक जाड फाईल घ्या, प्लास्टिकच्या खिशांची. त्यात हे सगळं तारखेप्रमाणे:

- डिस्चार्ज समरी आणि ऑपरेशनची नोट
- हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अंतिम रिपोर्ट, स्टेज लिहिलेला
- ऑपरेशनआधीची बायोप्सी, पेट स्कॅन, सीटी, त्यांच्या सीडीसकट
- फुप्फुसाच्या ताकदीची टेस्ट, टूडी इको, रक्ताचे सगळे रिपोर्ट
- चालू गोळ्यांची यादी, बीपी-शुगरच्या पण, आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती वरच मोठ्या अक्षरात
- आधार, रेशनकार्ड, मेडिक्लेमचं कार्ड, पासपोर्ट साईज फोटो
- प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, आणि सगळ्यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये

ब्लॉक आणि स्लाईड ही वेगळी गोष्ट आहे आणि इथे पुष्कळ लोक अडकतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, स्लाईड म्हणजे त्याचाच पातळ काप लावलेली काचपट्टी. तो ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्येच राहतो, आपण मागितल्याशिवाय मिळत नाही. दुसरीकडे केमो घ्यायची असेल, दुसरं मत घ्यायचं असेल किंवा जनुकीय टेस्ट बाहेर करायची असेल तर नवीन ठिकाणी तोच मागतात. लॅबला अर्ज द्यावा लागतो, सही करून घ्यावा लागतो, काही ठिकाणी दोन-तीन दिवस लावतात. गावाहून येणाऱ्यांनी डिस्चार्जच्या दिवशीच विचारून ठेवा. मेण उन्हात वितळतं म्हणून डबी तापलेल्या गाडीत ठेवू नका, स्लाईड काचेच्या असतात म्हणून बॅगेच्या तळाशी कोंबू नका.

नाव सगळीकडे एकच आहे का तेही बघा. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, केसपेपरवर घाईत लिहिलेलं अर्धं, रेशनकार्डवर तिसरंच स्पेलिंग, असं असलं की सरकारी योजनेच्या खिडकीवर काम अडतं. केसपेपरवरचं नाव पहिल्या भेटीतच दुरुस्त करून घेता येतं, चार रिपोर्ट निघाल्यावर तेच काम डोकेदुखीचं होतं.

३. केमो कुठे घ्यायची ते ठरवा

ऑपरेशन परळच्या टाटाला झालं म्हणून केमोही तिथेच घेतली पाहिजे असं काही नाही. ऑपरेशनला अनुभवी सर्जन आणि मोठं हॉस्पिटल लागतं हे खरंच, पण ही केमो बहुतेक वेळा डे केअरमध्ये होते, सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत. टाटाच्या डॉक्टरांनी प्लॅन लिहून दिला की तो घराजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये देता येतो. बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल, चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर, नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं हॉस्पिटल आणि एनसीआय हे कॅन्सर हॉस्पिटल, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. माझं स्पष्ट मत आहे की जिथून रात्री दोन वाजता तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी केमो घ्यावी. का ते शेवटच्या मुद्द्यात येईलच.

मुंबईतच घ्यायची असेल तर राहण्याची सोय आधी बघा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते, ती ओपीडीच्या दिवशीच घ्या. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्याचा ठराविक नमुन्यातला फॉर्म हॉस्पिटल भरून देतं. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, फक्त हॉस्पिटलचं कार्ड जवळ ठेवा.

४. पैशाचं आधी, सलाईन नंतर

राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस बसलेला असतो, आधार, रेशनकार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन त्याला भेटा. यातला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे मंजुरी आधी लागते. आधी स्वतःच्या पैशाने केमो घेऊ आणि मग बिलं देऊ असं या योजनेत चालत नाही, ती कॅशलेस आहे. म्हणून केमोची तारीख ठरली की त्याच दिवशी आरोग्यमित्राकडे जायचं. हेल्पलाईन १५५३८८.

मेडिक्लेम असेल तर कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) मेल करून तीन गोष्टी लेखी विचारा, डे केअर केमो बसते का, ऑपरेशनवर खर्च झाल्यावर किती रक्कम शिल्लक आहे, आणि पोर्ट (केमोसाठी छातीच्या कातडीखाली बसवतात ते, मुद्दा ७ बघा) बसवायचा खर्च धरतात का. फोनवर 'हो मॅडम, कव्हर आहे' म्हणतात त्याला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते.

खाजगीत घेणार असाल तर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या आणि दोन-तीन ठिकाणी दर विचारा. कॅन्सरच्या इंजेक्शनची एमआरपी आणि प्रत्यक्ष मिळणारा दर यात खूप फरक असतो, म्हणून तर २०१९ मध्ये सरकारने ४२ औषधांच्या नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली. टाटाच्या फार्मसीत, अमृत या सवलतीच्या औषध दुकानांत, जनऔषधीत चौकशी करा. मात्र बाहेरून आणलेलं औषध तुमचं हॉस्पिटल वापरू देईल का हे विचारूनच विकत घ्या. आणि प्रत्येक बिल जपा, जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल तर ८० डीडीबी खाली वजावट मिळते, साठच्या आत ४० हजार आणि ज्येष्ठांना १ लाखापर्यंत, त्याला कॅन्सरच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

५. शरीर तयार करा

रक्त, लिव्हर, किडनी, शुगर, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही एवढ्या तपासण्या होतातच. सिस्प्लॅटिन असेल तर दोन गोष्टींची काळजी जास्त, किडनी आणि कान. त्यामुळे ऐकण्याची टेस्ट, म्हणजे ऑडिओमेट्री, सुरू व्हायच्या आधी करून घ्या. आधीच कमी ऐकू येत असेल किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर डॉक्टर सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिनचा विचार करतात.

दात. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. किडलेला दात, हलणारा दात, हिरड्यातला पू, हे सगळं केमोच्या आधी दोन आठवडे तरी उरकायचं. एकदा केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी उतरल्या की दात काढणं धोक्याचं असतं आणि तोंडातलं साधं इन्फेक्शन अंगात पसरतं. फ्लूची लसही दोन आठवडे आधी घ्यायची असते, डॉक्टरांना विचारून.

ऑपरेशनच्या वेळी दिलेला तीन चेंडूंचा स्पायरोमीटर कपाटात गेला असेल तर बाहेर काढा. श्वासाचे व्यायाम आणि रोजचं चालणं चालू ठेवा, आज अंगण, उद्या गल्ली, परवा देवळापर्यंत. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा हलवत राहा, दुखतं म्हणून हात छातीशी धरून ठेवला की तो आखडतो. बरगड्यांपाशी जळजळ, मुंग्या, शर्टाचा स्पर्शही नको वाटणं हे नसांचं दुखणं असतं आणि त्याला वेगळ्या गोळ्या असतात, म्हणून ते सहन करत न बसता सांगा.

एक कडक सूचना, कॉम्बिफ्लाम, ब्रूफेन, डायक्लोफिनॅक अशा पेनकिलर दुकानातून परस्पर आणून देऊ नका. सिस्प्लॅटिन आणि या गोळ्या मिळून किडनीला मारतात.

विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री सगळं बंद. मिश्रीला आपल्याकडे बायका व्यसन धरतच नाहीत, म्हणून नाव घेऊन लिहितेय. स्वतःहून सुटत नसेल तर १८००-११-२३५६ वर फोन करा, फुकट आहे.

६. औषधात पेमेट्रेक्सेड असेल तर

याची तयारी आठवडाभर आधी सुरू होते आणि ती राहिली तर केमो पुढे ढकलतात. फॉलिक ॲसिडची गोळी पहिल्या डोसच्या ५ ते ७ दिवस आधीपासून रोज, आणि शेवटच्या डोसनंतर २१ दिवसांपर्यंत. बी१२ चं इंजेक्शन पहिल्या डोसच्या आधीच्या आठवड्यात एक, मग दर तीन सायकलनी. फॉलिकची ताकद चिठ्ठीवर लिहिलीय तीच घ्या, दुकानात पटकन ५ मिलिग्रॅमची पट्टी हातात देतात आणि इथे बहुतेक वेळा १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीच लागते. शिवाय डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. या गोळीने शुगर चढते, डायबेटिस असेल तर ग्लुकोमीटर घरी पाहिजेच. आमच्या वहिनीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने केमोची तारीख आणि हिरव्याने या गोळ्या लिहिल्या होत्या, चार सायकलमध्ये एकही डोस हुकला नाही.

७. शीर, पिक लाईन की पोर्ट

ऑपरेशनच्या सुयांनी हाताच्या शिरा आधीच थकलेल्या असतात. व्हिनोरेलबिनसारखं केमोचं औषध शिरेबाहेर पडलं तर कातडी जाळतं, त्यामुळे अशा वेळी दंडातून पिक लाईन, म्हणजे मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी घालतात किंवा छातीच्या कातडीखाली केमोपोर्ट बसवतात. पिक लाईन स्वस्त पडते पण दर आठवड्याला फ्लश (नळी आतून धुणं) आणि ड्रेसिंग लागतं, अंघोळीला सांभाळावी लागते. पोर्टला छोटं ऑपरेशन लागतं, खर्च जास्त, पण मग रोजचा त्रास नाही. गावात ड्रेसिंग करणारी शिकलेली नर्स नसेल तर पिक लाईन घेण्याआधी दोनदा विचार करा. शिरा चांगल्या असतील तर साध्या सुईवरही भागतं. सलाईन चालू असताना हाताला जळजळ झाली, सूज दिसली तर त्याच क्षणी नर्सला हाक मारायची, 'संपत आलंय, राहू दे' म्हणायचं नाही.

८. घर आणि स्वयंपाक

फोडणीचा वास. केमोनंतरचे तीन-चार दिवस तो पेशंटला सहन होत नाही, कांदा-लसूण परतायला लागलं की दादा उठून गॅलरीत जायचा. त्या दिवसांत पेशंट झोपलेला असताना किंवा शेजारी करून आणा, आणि जेवण गरमगरम वाढण्यापेक्षा कोमट वाढा, वास कमी येतो. मऊ भात, मुगाची खिचडी, नाचणीची लापशी, पूर्ण उकडलेलं अंडं, घरचं ताजं ताक. पोटभर तीनदा देण्यापेक्षा थोडं थोडं सहा-सात वेळा. तोंड आलं की तिखट आणि लिंबू बंद, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. चव लोखंडासारखी लागते अशी तक्रार असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी प्लास्टिकचा देऊन बघा.

पाणी उकळून, आणि भरपूर, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर. रसवंतीचा रस, उघड्यावरची कापलेली फळं, पाणीपुरी, कच्च्या कोशिंबिरी केमो संपेपर्यंत नकोत. फळं सोलून खाण्याची द्या, केळं, मोसंबी, पपई.

गुळवेल, गव्हांकुराचा रस, कुठल्याशा वैद्याची पुडी, हे सगळं प्रेमापोटी घरात येतं. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत, आणि पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. द्यायचंच असेल तर डॉक्टरांना दाखवून द्या, लपवून नको.

केमोनंतर ४८ तास पेशंटच्या लघवीत, उलटीत औषध असतं. झाकण लावून दोनदा फ्लश, साफ करताना हातमोजे, मळलेले कपडे वेगळे धुवायचे. जवळ बसणं, हात धरणं, नातवंडांना मांडीवर घेणं याने काही होत नाही. सर्दी-ताप असलेलं मूल मात्र लांब.

९. पहिला दिवस

दोन दिवस आधीचा रक्ताचा रिपोर्ट, फाईल, पुढची बटणं असलेला सैल शर्ट, शाल, पाण्याची बाटली, खारी किंवा बिस्किटं, चार्जर. सकाळी हलका नाश्ता करून जा, उपाशी नको. सिस्प्लॅटिनच्या आधी आणि नंतर मॅग्नेशियम-पोटॅशियम घातलेलं सलाईन चालतं, त्यामुळे पूर्ण दिवस जातो. लघवी किती होतेय ते मोजायला सांगतात, ते गंभीरपणे करा, किडनी धुतली जातेय की नाही ते त्यावरूनच कळतं.

घरी येताना उलटीच्या गोळ्या मिळतात. ॲप्रेपिटंट तीन दिवसांचं असतं, पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम आणि मग दोन दिवस ८०. त्यात ओलान्झापिन दिसलं आणि मोबाईलवर शोधलं तर ते मानसिक आजाराचं औषध म्हणून दाखवतं आणि लोक घाबरून ते बंद करतात. करू नका. केमोच्या मळमळीवर ते फार चांगलं काम करतं, फक्त झोप येते म्हणून रात्री द्यायचं. आणि उलटी झाली तर मग गोळी देऊ असं नाही, उलटी होवो न होवो, सगळ्या गोळ्या वेळेवर पूर्ण करायच्या.

१०. ताप

सगळ्यात महत्त्वाचं हेच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. या काळात डिजिटल थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं तर ती इमर्जन्सी आहे, रात्र असो, दिवाळी असो. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, तापाची गोळी आकडा खाली आणते, इन्फेक्शन आत तसंच वाढतं. आधी ताप मोजायचा, मग हॉस्पिटलला फोन, आणि निघायचं. पहिल्या तासाभरात अँटिबायोटिक सुरू होणं गरजेचं असतं. ताप नसूनही थंडी वाजून अंग थरथरलं तरी जा.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते केमो संपल्यानंतर २४ तास झाल्यावरच घ्यायचं, घाईने त्याच संध्याकाळी नको. त्याने कंबर आणि हाडं दुखतात, ते अपेक्षित आहे.

अजून कशाला लगेच जायचं: दम अचानक वाढला, एकाच पायाला सूज आणि दुखणं, दिवसभरात लघवी जवळजवळ नाही, चोवीस तास पाणीही पोटात ठरत नाही, कुठून रक्त आलं. कानात सतत शिट्टी वाजणं, बोटांना बधिरपणा हे पुढच्या भेटीत सांगायचं, पण पुढचा डोस लागायच्या आधी.

एका कागदावर हे लिहून फाईलच्या पहिल्या पानावर ठेवा: पेशंटचं नाव, आजार, केमोची औषधं, शेवटच्या केमोची तारीख, डॉक्टरांचा आणि डे केअरचा नंबर. रात्रीच्या कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टर असतात, त्यांच्या हातात हा कागद देऊन 'केमो चालू आहे, ताप आलाय' एवढंच बोला. आणि रात्री गाडी कोण चालवणार हे आत्ताच ठरवा, शेजारच्या दोघांना सांगून ठेवा, त्यांचे नंबर दाराच्या मागे चिकटवा.